नेटवर्कबाहेरची आहारतज्ज्ञ आणि विम्याचे पैसे: एका नाकारलेल्या क्लेमवरून

प्रश्न असा आहे. विचारणाऱ्या बाई एडिसन, न्यू जर्सीत राहतात. विमा नवऱ्याच्या कंपनीचा, पीपीओ, म्हणजे नेटवर्कबाहेरच्यांचेही काही पैसे देणारा प्लॅन. मार्चच्या रक्ततपासणीत एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.१ आलं आणि डॉक्टर म्हणाले, ‘प्रीडायबेटिस आहे, डाएटचं बघा.’ नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या, आहारतज्ज्ञाकडे त्या एकदा जाऊन आल्या, पण भाकरी म्हणजे काय आणि आमटी ही सूप का नव्हे हे सांगण्यातच अर्धा तास गेला. मग ओळखीतून एक मराठी आहारतज्ज्ञ मिळाल्या, पण त्या यांच्या विम्याच्या नेटवर्कमध्ये नाहीत. एप्रिलमध्ये व्हिडिओवर दोन सेशन झाली. पहिलं तासाभराचं, २२० डॉलर. दुसरं पाऊण तासाचं, १५० डॉलर. सुपरबिल, म्हणजे विम्यासाठी निदानाचे आणि सेवेचे कोड घालून दिलेलं बिल, विमा कंपनीच्या पोर्टलवर चढवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की या निदानासाठी ही सेवा प्लॅनमध्ये बसत नाही. आता अपील करायचं का, आणि ठरलेली पुढची चार सेशन घ्यायची का?

अपील इतक्यात करू नका. तुम्ही पाठवलेल्या नोंदी पाहता क्लेम अडला आहे तो कागदावर; प्लॅन पैसे देतो की नाही हा प्रश्न अजून नीट विचारलाच गेलेला नाही. आणि पुढच्या चार सेशनचं ठरवण्याआधी एक फोन आणि एक बेरीज करायची आहे.

मी न्यू जर्सीत पंधरा वर्षं रजिस्टर्ड डायटिशियन म्हणून काम करते. काही विमा कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये आहे, काहींच्या नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंचे कागद रोज हाताखालून जातात. आपल्या मंडळींची एक सवय मला कायम दिसते. भारतातल्या मेडिक्लेममध्ये हॉस्पिटलचं बिल, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या, सगळ्यावर सही-शिक्का घेऊन फाइल टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडे, दिली की आपलं काम संपतं. इथे शिक्क्याला कुणी विचारत नाही. इथे तुमचा क्लेम पहिल्यांदा वाचतो तो संगणक. ठरावीक चौकटींतले आकडे तो एकमेकांशी ताडून पाहतो आणि जुळले नाहीत तर नाही म्हणतो. तुम्ही किती तळमळीने पत्र लिहिलंत हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

तर तुमच्या पहिल्या सुपरबिलातले आकडे बघू. निदान झेड७१.३. सेवा ९७८०२, युनिट १. ठिकाण ११. रक्कम २२०. एवढ्याशा ओळीत तीन गडबडी आहेत.

पहिली निदानाची. झेड७१.३ चा अर्थ ‘आहारविषयक सल्ला आणि देखरेख’. म्हणजे तुम्ही कशासाठी आलात ते त्यात आहे, तुम्हाला काय झालंय ते नाही. काही प्लॅन हा कोड प्रतिबंधक सेवेचा धरतात आणि नेटवर्कमध्ये असाल तर एक पैसाही न घेता भरतात. काही प्लॅनना मात्र त्यात आजारच दिसत नाही, म्हणून ते सरळ नाकारतात. तुमच्या बाबतीत दुसरं झालंय. तुमच्याकडे खरं निदान आहे: ५.७ ते ६.४ मधलं एचबीए१सी म्हणजे प्रीडायबेटिस, त्याचा कोड आर७३.०३. तो पहिल्या क्रमांकावर आणि झेड७१.३ दुसऱ्या क्रमांकावर असायला हवा होता.

पण इथे एक गाठ आहे. हा कोड आहारतज्ज्ञ आपल्या मनाने लिहू शकत नाही. आजाराचं निदान करण्याचा अधिकार आम्हाला नाही. ते डॉक्टरकडून यावं लागतं, रेफरलच्या चिठ्ठीवर कोडसकट. तुमच्या डॉक्टरांनी ‘डाएट बघा’ असं तोंडी सांगितलं आणि तुम्ही निघालात. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं असंच होतं. डॉक्टरांच्या ऑफिसला पोर्टलवरून निरोप टाका: मार्चच्या व्हिजिटमध्ये प्रीडायबेटिसचं निदान नोंदलेलं आहे, त्या आधारे मेडिकल न्यूट्रिशन थेरपीचा (आजारासाठीच्या आहारसल्ल्याचा) रेफरल हवा, त्यावर निदानाचा कोड, तुमचं नाव-जन्मतारीख आणि डॉक्टरांचा एनपीआय (सेवा देणाऱ्याचा सरकारी ओळखक्रमांक) असावा. चिठ्ठीवर आजचीच तारीख पडेल, पडू द्या. मागची तारीख घालून द्या असं कुणालाही सांगू नका. मार्चच्या व्हिजिटची नोंद आणि लॅबचा रिपोर्ट सोबत जोडला की निदान एप्रिलच्या आधीचं आहे हे आपोआप दिसतं. आणि पैसे मिळावेत म्हणून नसलेला आजार लिहून घेणं हा सरळ फ्रॉड आहे. ‘जरा डायबेटिसच लिहा ना, त्याला लगेच पास होतं’ असं मला अगदी गोड आवाजात सांगणारे लोक भेटलेत, म्हणून हे लिहावं लागतंय. तो आजार नंतर तुमच्या रेकॉर्डला चिकटून राहतो, ते वेगळंच.

दुसरी गडबड युनिटची, आणि या चुकीबद्दल मी कुणाला हसणार नाही, कारण मी ती स्वतः केली आहे. ९७८०२ हा कोड पहिल्या भेटीचा, ९७८०३ पुढच्या भेटींचा, आणि दोन्ही पंधरा मिनिटांच्या हिशोबाने मोजले जातात. तासाभराचं सेशन म्हणजे चार युनिट, पाऊण तासाचं म्हणजे तीन. प्रॅक्टिस नवीन असताना मी ‘एक भेट म्हणजे एक युनिट’ समजत होते. पार्सिपनीच्या एका काकूंना माझ्या तासाभराच्या भेटीचं ईओबी, म्हणजे विमा कंपनीचं हिशोबपत्रक, आलं, त्यात मान्य रक्कम जेमतेम तीस डॉलर. मी विमा कंपनीच्या नावाने बोटं मोडत बसले. काका अकाउंटंट. त्यांनी कागद चष्म्याजवळ धरला आणि विचारलं, ‘हे युनिट म्हणून काय असतं हो? इथे एक लिहिलंय.’ सुधारलेलं बिल पाठवलं आणि रक्कम बरोबर चौपट झाली. तुमच्या आहारतज्ज्ञांनी तासाभराचं काम करून पंधरा मिनिटांचं बिल दिलंय. क्लेम पास झाला असता तरी तुमच्या हाती चौथा हिस्साच आला असता.

तिसरी गडबड ठिकाणाची. ११ म्हणजे दवाखाना किंवा ऑफिस. तुम्ही आपल्या घरून व्हिडिओवर होतात, त्याचा कोड १०, आणि व्हिडिओ भेटीसाठी बऱ्याच विमा कंपन्या सेवेच्या कोडला ९५ हा मॉडिफायर जोडायला सांगतात. एवढ्यावरून क्लेम अडेलच असं नाही, पण सुधारणा करतोच आहोत तर तेही करून घ्या. बाकी सुपरबिलावर तुमचं नाव, जन्मतारीख, मेंबर आयडी, सेवेची तारीख, भरलेली रक्कम, आणि आहारतज्ज्ञांचं नाव, पत्ता, पदवी, लायसन्स, दहा आकडी एनपीआय आणि नऊ आकडी टॅक्स आयडी असायलाच हवा. एनपीआय खरा आहे का हे सरकारच्या एनपीआय रजिस्ट्रीत कुणालाही फुकट बघता येतं. बघून घ्या, तिथला पत्ता जुना असला तरी कधी कधी क्लेम लटकतो.

अपील नको म्हटलं त्याचं कारण हे. अपील म्हणजे ‘तुम्ही दिलेला निर्णय चुकला’ असं म्हणणं. इथे त्यांचा निर्णय त्यांच्यासमोरच्या कागदानुसार बरोबरच होता. चुकीचा कागद तसाच ठेवून अपील केलंत तर तेच उत्तर परत येईल आणि अपिलाची एक संधी वाया जाईल. त्याऐवजी सुधारित क्लेम पाठवायचा: नवं सुपरबिल, मेंबर क्लेम फॉर्मवर ठळक अक्षरांत ‘करेक्टेड क्लेम’, आणि नाकारलेल्या क्लेमचा नंबर. हा नंबर विसरू नका. तो नसला तर संगणक त्याला जुन्याच क्लेमची दुसरी प्रत समजतो आणि ‘डुप्लिकेट’ म्हणून परत फेकतो. हे तर मी महिन्यातून एकदा तरी बघते.

आता फोन. सुधारित क्लेम पाठवण्याआधी विमा कार्डाच्या मागच्या नंबरवर करायचा. यात लोक हमखास एक प्रश्न विचारतात: ‘न्यूट्रिशन कव्हर्ड आहे का?’ पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणतो, ‘हो, वैद्यकीय गरज असेल तर.’ आपण खूश होऊन फोन ठेवतो. त्या ‘हो’ला काडीची किंमत नाही. त्यापेक्षा असं म्हणा: ‘माझ्याकडे ९७८०२ आणि ९७८०३ हे दोन कोड आहेत, निदान आर७३.०३, सेवा देणारी व्यक्ती रजिस्टर्ड डायटिशियन, नेटवर्कबाहेरची, भेट व्हिडिओवर. हे माझ्या प्लॅनमध्ये बसतं का?’ आता त्याला स्क्रीनवर कोड घालून बघावंच लागतं. मग वर्षाला किती भेटींची मर्यादा आहे, रेफरल किंवा आधी मंजुरी लागते का, नेटवर्कबाहेरचं डिडक्टिबल (प्लॅन पैसे द्यायला लागण्याआधी वर्षाला आपण भरायची रक्कम) किती आणि त्यातलं किती भरून झालंय, त्यानंतर प्लॅन किती टक्के देतो, क्लेम किती दिवसांत पोचायला हवा, एवढं विचारून घ्या. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण ही मुदत प्रत्येक प्लॅनची वेगळी असते. कुठे तीन महिने, कुठे वर्ष. फोन ठेवण्याआधी बोलणाऱ्याचं नाव आणि कॉल रेफरन्स नंबर घ्या, तारखेसह लिहून ठेवा. फोनवरचा शब्द कंपनीला बांधून ठेवत नाही, पण पुढे अपील करायची वेळ आली तर ‘अमुक तारखेला मला असं सांगितलं गेलं’ हे वाक्य नंबरसकट लिहिता येतं.

(हा सगळा खटाटोप पीपीओ किंवा पीओएस प्लॅनसाठी आहे. एचएमओ किंवा ईपीओ असेल तर नेटवर्कबाहेर तातडीच्या उपचारांखेरीज सहसा काहीच मिळत नाही. त्यांच्यासाठी एक वेगळी वाट आहे, ती पुढे सांगते.)

आता बेरीज, जी कुणीच करत नाही. लोक म्हणतात, ‘माझा प्लॅन बाहेरच्यांना साठ टक्के देतो,’ आणि २२० चे साठ टक्के मनात धरून बसतात. साठ टक्के कशाचे? तुम्ही भरलेल्या फीचे नव्हे. विमा कंपनी या सेवेसाठी जी रक्कम वाजवी मानते, ‘अलाउड अमाउंट’, तिचे. ही रक्कम कशी ठरते हे फोनवर विचारा. काही प्लॅन मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या) दराची ठरावीक टक्केवारी घेतात, काही त्या भागातल्या चालू दरांवर जातात. भागातले दर फेअर हेल्थ नावाच्या ना-नफा संस्थेच्या वेबसाइटवर झिप कोड आणि सेवेचा कोड टाकून कुणालाही बघता येतात, मेडिकेअरचे तर जाहीरच असतात.

समजा तुमच्या प्लॅनने एका युनिटला ३५ डॉलर मानले. तुमची ठरलेली एकूण सहा सेशन: एक २२० चं आणि पाच १५० ची, म्हणजे खिशातून ९७० डॉलर. प्लॅनच्या लेखी हेच काम पहिल्याचे १४० आणि पुढच्या प्रत्येकाचे १०५, एकूण ६६५ डॉलरचं. नेटवर्कबाहेरचं डिडक्टिबल १,००० डॉलर असेल आणि वर्षात त्यातलं काहीच भरलेलं नसेल तर हाती येणार शून्य. ६६५ डॉलर डिडक्टिबलच्या खात्यात जमा दिसतील, बस. डिडक्टिबल ३०० चं असेल तर उरलेल्या ३६५ चे साठ टक्के, २१९ डॉलर. आणि घरात कुणाची नेटवर्कबाहेरची फिजिओथेरपी किंवा मुलाची स्पीच थेरपी वर्षभर चालू असून डिडक्टिबल आधीच भरलं असेल तर ३९९. वरचा फरक, ९७० उणे ६६५, म्हणजे ३०५ डॉलर, कुठल्याच हिशोबात धरला जात नाही. वर्षाच्या कमाल खर्चाची जी मर्यादा प्लॅनवर लिहिलेली असते तिच्यातसुद्धा तो मोजत नाहीत.

तुमच्या प्लॅनचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून ही नुसती नमुन्याची मांडणी. पण ती करून बघितली की बऱ्याच जणांच्या लक्षात येतं की आपण दोनशे डॉलरसाठी झगडतोय, आणि त्याहून सोपे पैसे दुसरीकडे पडलेत. नवऱ्याच्या कंपनीत एफएसए, म्हणजे टॅक्स न लागता पगारातून औषधपाण्यासाठी बाजूला काढलेल्या पैशांचं खातं, आहे का? असला तर ९७० डॉलर त्यातून भरा. फेडरल टॅक्स २२ टक्क्यांच्या टप्प्यात असेल, आणि एफएसएचे पैसे पगारातून कापले जात असल्याने सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्केही वाचत असतील, तर ९७० वर साधारण २८८ डॉलर वाचतात. मघाच्या २१९ पेक्षा जास्त, तेही कुणाशी न भांडता. दोन्ही करता येतं: विम्याकडून आले तेवढे वजा करून उरलेले एफएसएमधून घ्यायचे. एकच खर्च दोन्हीकडून पूर्ण वसूल करता येत नाही, एवढं पथ्य. आयआरएसची (फेडरल टॅक्स खात्याची) अट अशी की आहाराचा सल्ला डॉक्टरांनी निदान केलेल्या विशिष्ट आजारासाठी असला पाहिजे. ‘सहज, तब्येत चांगली राहावी म्हणून’ चालत नाही. एफएसए सांभाळणारी कंपनी त्यासाठी डॉक्टरांचं ‘लेटर ऑफ मेडिकल नेसेसिटी’ मागते. रेफरल मागताना त्याच निरोपात हेही मागून टाका, म्हणजे डॉक्टरांच्या ऑफिसला दोनदा त्रास नको. न्यू जर्सीच्या राज्य टॅक्सचा हिशोब मी वर धरलेला नाही. या बाबतीत आपलं राज्य उदार नाही.

आता ती वेगळी वाट. नेटवर्कमध्ये तुम्हाला हवी ती सेवा देणारं कुणीच नसेल, किंवा असेल ते फार दूर असेल किंवा चार-चार महिने वेळच देत नसेल, तर प्लॅनकडे ‘नेटवर्क गॅप एक्सेप्शन’ मागता येतं. मिळालं तर बाहेरच्या तज्ज्ञाला नेटवर्कमधलं धरून पैसे देतात. हे सेशन सुरू होण्याआधी मागायचं. झालेल्या सेशनसाठी नंतर मागून मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही. नेटवर्कच्या यादीतल्या आहारतज्ज्ञांना एकेक फोन करायचे आणि ‘नवीन पेशंट घेत नाही’, ‘नंबर बंद’, ‘फक्त लहान मुलं बघतो’ अशी उत्तरं तारखेनिशी लिहून अर्जाला जोडायची. या याद्या किती शिळ्या असतात हे फोन केल्यावरच कळतं. आता तुम्ही विचाराल, ‘मराठी येणारं कुणी नाही’ हे कारण चालतं का? एकट्याने सहसा नाही. मी दोन वेळा तसा अर्ज करून पाहिला, दोन्ही वेळा दुभाष्या देऊ असं उत्तर आलं. आमटी म्हणजे काय ते दुभाष्याकडून समजावून घ्यायचं म्हणे. नेटवर्कमधल्यांना तुमचा आजार हाताळण्याचा अनुभव नाही किंवा वेळ मिळत नाही, हे मुख्य कारण असावं आणि भाषा-जेवण त्याच्या जोडीला, असा क्रम लावला तर जरा आशा असते. तुमच्याबाबतीत नेटवर्कमधली एक जण तुम्हाला भेटलेली आहे, तेव्हा हे जड जाईल.

याच संदर्भात लोक मला ऐकीव माहिती सांगतात की अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट या आरोग्यविम्याच्या कायद्यामुळे आहाराचा सल्ला सगळ्यांना फुकट मिळतो. अर्धं खरं. यूएस प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स हे तज्ज्ञांचं मंडळ ज्या सेवांना ए किंवा बी श्रेणी देतो त्या बहुतेक प्लॅनना नेटवर्कमध्ये विनाशुल्क द्याव्या लागतात. बीएमआय ३० किंवा जास्त असलेल्यांना वजनासाठीचा सल्ला (२०१८), रक्तदाब-कोलेस्टेरॉलसारखे हृदयविकाराचे धोके असलेल्यांना आहार-व्यायामाचा सल्ला (२०२०), आणि ३५ ते ७० वयाच्या, वजन जास्त असलेल्यांची मधुमेहाची तपासणी करून प्रीडायबेटिस निघाल्यास प्रतिबंधक कार्यक्रमाकडे पाठवणं (२०२१), ही त्यातली आपल्या कामाची. नेटवर्कबाहेर हा नियम लागू होत नाही. मात्र अशी प्रतिबंधक सेवा देणारं नेटवर्कमध्ये कुणीच नसेल तर प्लॅनला ती बाहेरूनही विनाशुल्क द्यावी लागते. गॅप एक्सेप्शनच्या अर्जात हे वाक्य जरूर घाला.

पण बीएमआयच्या या आकड्यांत आपली माणसं बसत नाहीत, हे माझं जुनं दुखणं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वरून सडपातळ, आतून चरबी, आणि साखर वाढलेली, असं मराठी शरीर माझ्यासमोर आठवड्यातून चारदा बसतं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आशियाई लोकांची मधुमेहाची तपासणी बीएमआय २३ पासून करायला सांगते, पण प्लॅनची चौकट ३० वर अडून बसते. तुमचा बीएमआय तुम्ही २४ लिहिलाय. लठ्ठपणाच्या दारातून तुम्हाला कुणी आत घेणार नाही. तुमचं दार साखरेचंच, म्हणून आर७३.०३ वर एवढा जोर देतेय.

सुधारित क्लेमही नाकारला गेला, तर मग अपील. नकाराच्या तारखेपासून १८० दिवस असतात. त्याआधी विमा कंपनीला लेखी कळवून तुमच्या क्लेमशी संबंधित सगळे कागद, आणि ज्या नियमावर बोट ठेवून नाकारलं तो नियम, मागवून घ्या. ते फुकट द्यावे लागतात. बऱ्याचदा त्या कागदांतच सापडतं की प्लॅनच्या पुस्तिकेत एक लिहिलंय आणि नाकारताना लावलंय भलतंच. अपिलाचं पत्र एका पानाचं करा. काय मागता, पुस्तिकेतलं कुठलं कलम लागू होतं, निदान काय, डॉक्टरांचं पत्र, आधीचं-नंतरचं एचबीए१सी. सेशनमुळे ६.१ चं ५.८ झालं असेल तर तो लॅब रिपोर्ट तुमच्या दहा परिच्छेदांपेक्षा वजनदार. झालेल्या सेवेच्या अपिलावर त्यांनी ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तिथेही नाही म्हणाले आणि कारण ‘वैद्यकीय गरज नाही’ अशा स्वरूपाचं असेल, तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या त्रयस्थ तपासणीसाठी जाता येतं. ‘ही सेवा प्लॅनमध्येच नाही’ असं कारण असेल तर ते दार सहसा उघडत नाही.

इथे एक गोष्ट आधी माहीत करून घ्या: प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का? मोठ्या कंपन्यांत, म्हणजे आपली आयटीतली निम्मी मंडळी जिथे आहेत तिथे, बहुधा असतो. कार्डावर विमा कंपनीचं नाव असलं तरी पैसे नवऱ्याच्या कंपनीचेच जातात, विमा कंपनी फक्त हिशोब बघते. अशा प्लॅनना राज्याचे विमा कायदे लागू होत नाहीत. मधुमेहाच्या शिक्षणाचा खर्च द्यायला लावणारा न्यू जर्सीचा कायदासुद्धा त्यांना बांधत नाही, आणि राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार केली तर ते हात वर करतात. तक्रार फेडरल लेबर खात्याकडे जाते. पण याची दुसरी बाजू अशी की पैसे कंपनीचे असल्याने एचआरमधल्या बेनिफिट्सवाल्यांच्या शब्दाला वजन असतं. माझ्या एका क्लायंटचं दोनदा नाकारलेलं प्रकरण तिच्या एचआरच्या एका ईमेलने आठवड्यात सुटलं. लोक एचआरला सांगायला लाजतात, साखर वाढल्याचं ऑफिसात कळेल म्हणून. आजाराचं नाव न घेताही ‘क्लेम नंबर अमुक, पुस्तिकेतल्या या कलमानुसार बसायला हवा, नाकारला गेलाय’ एवढंच लिहिता येतं.

दोन प्रश्न कायम जोडून येतात, म्हणून लगेच सांगून टाकते. पुण्या-मुंबईच्या आहारतज्ज्ञाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर सल्ला घेतला तर इथला विमा पैसे देतो का? नाही. त्यांच्याकडे इथलं लायसन्स नाही, एनपीआय नाही. सुपरबिल बनणारच नाही. सल्ला उत्तम असू शकतो, पण तो तुमच्या खिशातून. याच्या जवळचा मुद्दा असा की तुमच्या आहारतज्ज्ञ दुसऱ्या राज्यात बसून व्हिडिओवर बोलत असतील, तर पेशंट ज्या राज्यात आहे तिथले लायसन्सचे नियम त्यांना पाळावे लागतात. हे त्यांना विचारायला संकोच करू नका. दुसरा प्रश्न सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांचा. व्हिजिटर इन्शुरन्स हा अचानक उद्भवलेल्या आजारपणासाठी असतो, जुन्या मधुमेहाच्या आहारसल्ल्याला तो हात लावत नाही. ग्रीनकार्डवर राहून मेडिकेअर मिळालेल्यांची गोष्ट निराळी: मधुमेह किंवा डायलिसिसपूर्व किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांच्या रेफरलवर पहिल्या वर्षी तीन तास आणि पुढे दर वर्षी दोन तास विनाशुल्क मिळतात, मात्र मेडिकेअर घेणाऱ्या आहारतज्ज्ञाकडेच. नुसत्या प्रीडायबेटिसला ते मिळत नाहीत.

तुमच्या चार सेशनबद्दल माझं मत: फोनवर नेटवर्कबाहेरचं डिडक्टिबल भरलेलं निघालं तर निर्धास्त घ्या. नाही निघालं आणि एफएसए असेल तरी घ्या, पण तुमच्या आहारतज्ज्ञांना विचारा की चारऐवजी दोन पाऊण तासांची आणि दोन अर्ध्या तासांची चालतील का. फी त्या प्रमाणात घेत असतील तर शंभर डॉलर तिथेच वाचतील. विमा न वापरणाऱ्याला किंवा विमा न असणाऱ्याला खर्चाचा लेखी अंदाज देणं २०२२ पासून बंधनकारक आहे, तो मागा. अंदाज मागितला म्हणून आम्ही रागावत नाही.

पैसे मंजूर झाले की ईओबी आणि चेक यांत आठवडाभराचं अंतर पडू शकतं. आणि चेक तुमच्या नावाने येणार नाही. विमा नवऱ्याच्या नोकरीतून आहे, तेव्हा चेकही त्यांच्या नावाने, कंपनीच्या रेकॉर्डमध्ये जो पत्ता आहे तिथे जातो. गेल्या दोन वर्षांत घर बदललं असेल तर तो पत्ता आजच तपासायला सांगा.